जिभेचा हिशेब आणि खुर्ची

पणदऱ्याची ग्रामपंचायत असो की इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीची, सदस्याचे पद कशाकशाने जाते हे गावात बहुतेकांना पाठ असते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले की पद जाते. सरकारी जागेवर अतिक्रमण निघाले की जाते. घरी शौचालय नसेल, किंवा असून वापरात नसेल, तरी जाते. राखीव जागेवर निवडून येऊन जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तर जाते. कारखान्याचा, बँकेचा, विकास सोसायटीचा संचालक थकबाकीदार निघाला तर सहकार कायद्याचे कलम ७३ सीए त्याला घरी बसवते. यातल्या एकेका कारणावरून जिल्हाधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत लढाया होतात आणि त्या व्हाव्यातच, कारण पद लोकांच्या विश्वासावर मिळालेले असते. पण त्याच सदस्याने किंवा संचालकाने भरसभेत माइक हातात घेऊन एखाद्या वस्तीतल्या लोकांना जातीवरून हिणवले, ऊसतोडीला आलेल्या टोळीचा उल्लेख शिवीसारख्या शब्दाने केला, कुणाच्या रंगावरून किंवा प्रांतावरून हशा पिकवला, तर त्याच्या खुर्चीला काय होते? व्यवहारात काहीच होत नाही. फार तर कुणी पोलीस ठाण्यात जातो, गावात दोन तट पडतात, मध्यस्थ बसतात, दिलगिरीचे एक वाक्य कधी येते, कधी येत नाही. घरात शौचालय नसणे हा अपात्रतेचा मुद्दा आणि समोरच्याला माणसात न धरणे ही मात्र बोलण्याच्या ओघातली चूक, हा क्रम मला अन्यायाचा वाटतो.

माझे म्हणणे असे आहे. सार्वजनिक जीवनातल्या माणसाने, मग तो खासदार असो, अभिनेता, खेळाडू की कारखान्याचा चेअरमन, कुणाला जन्मावरून हीन ठरवणारी भाषा वापरली, तर तिची पहिली किंमत त्याला व्यासपीठ देणाऱ्या संस्थेनेच वसूल करावी. त्यासाठीचा नियम आधीच लिहून ठेवलेला असावा, निर्णय आठवड्यांत व्हावा, वर्षांत नव्हे, आणि शिक्षेला शेवटची तारीख असावी. संस्था हे काम टाळतात म्हणून ते तिघांवर पडते : पोलिसांवर, जमावावर आणि निवडणुकीच्या हवेवर. गेल्या काही दशकांतली प्रकरणे पाहिली तर या तिघांनाही ते जमलेले नाही.

वर्णद्वेष हा गोऱ्या देशांचा रोग, आपल्याकडे तो प्रश्न नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. २००१ मध्ये डरबनला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत भारत सरकारनेही जात म्हणजे वंश नव्हे, अशीच भूमिका घेतली होती. अभ्यासकांचा तो वाद त्यांच्या जागी राहू द्या. ज्याच्या वाट्याला अपमान येतो त्याच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडे घडते ते एकच : जी गोष्ट माणसाने निवडलेली नाही आणि जी त्याला बदलता येत नाही, तिच्यावरून त्याला चारचौघांत खाली बसवले जाते. आपल्या कायद्यानेही हे ओळखले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात लोकांसमोर हेतुपुरस्सर केलेला अपमान आणि जातिवाचक शिवीगाळ हे २०१५ च्या दुरुस्तीनंतर दोन स्वतंत्र गुन्हे झाले असून त्यांना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तोही शब्दांनी माणसाची पायरी ठरते हे मान्य करूनच. राज्यकर्त्यांना हे पाटीवर कळते. सभेतल्या माइकवर ते कळायला हवे.

महाराष्ट्रात भाषणामुळे राजकीय हक्क गमावल्याचे सर्वांत ठळक उदाहरण बाळासाहेब ठाकरे यांचे आहे. १९८७ च्या डिसेंबरमध्ये विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू यांच्या प्रचारात त्यांनी धर्माच्या आधारावर मते मागणारी भाषणे केली. तो मामला धर्माचा होता, वंशाचा नव्हे, हे खरे. पण जन्माने मिळालेल्या ओळखीवरून एका समाजाविरुद्ध बोलण्याची किंमत आपल्या व्यवस्थेने कशी लावली, ते त्यात स्वच्छ दिसते. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये प्रभूंची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ ला तो निकाल कायम केला. निवडणूक आयोगाच्या सल्ल्यावरून ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी गेल्याचा आदेश निघाला तो जुलै १९९९ मध्ये, आणि मुदत मोजली गेली १९९५ पासून, म्हणजे डिसेंबर २००१ मध्ये ती संपलीही. भाषण आणि आदेश यांच्यात साडेअकरा वर्षे गेली. दरम्यान १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार राज्यात आले आणि त्याचा रिमोट कंट्रोल कुणाच्या हातात आहे हे सर्वांना माहीत होते. ठाकरे स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिलेच नाहीत, त्यामुळे लढवण्याची बंदी नावापुरती ठरली. न्यायालयाने आपले काम केले, कायद्यानेही केले. पण इतक्या उशिरा आलेल्या शिक्षेने बोलणाऱ्यावर किंवा त्याचे अनुकरण करणाऱ्यांवर काही परिणाम झाला, असे म्हणणे अवघड आहे. प्रभूंच्या प्रचारात जी भाषा चालली, ती पुढच्या निवडणुकांत अनेक पक्षांनी सराईतपणे वापरली.

पोलिसांवर विसंबण्यातला धोका केतकी चितळे प्रकरणात दिसला. बारामतीच्या वाचकाला हे ऐकायला जड जाईल, पण नीट पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये नवबौद्धांबद्दल फेसबुकवर लिहिलेल्या मजकुरावरून या अभिनेत्रीविरुद्ध नवी मुंबईतल्या रबाळे पोलीस ठाण्यात अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. दोन वर्षे तिला अटक झाली नाही. मे २०२२ मध्ये तिने शरद पवार यांच्या आजारपणाची टिंगल करणारी, दुसऱ्याची म्हणून लिहिलेली एक रचना शेअर केली. लगोलग राज्यभर गुन्हे दाखल झाले, १४ मे रोजी तिला अटक झाली, पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई आणि अंडी फेकली गेली. मग रबाळ्याच्या जुन्या गुन्ह्याचीही आठवण झाली आणि त्यातही तिचा ताबा घेतला गेला. सुमारे चाळीस दिवस ती तुरुंगात होती. तिने लिहिलेले मला कुठल्याच अर्थाने समर्थनीय वाटत नाही. तरीही नेत्याच्या आजारपणावरची टिंगल हा चाळीस दिवसांच्या कोठडीचा विषय नव्हता. आणि लाखो लोकांच्या श्रद्धेचा, त्यांच्या सामाजिक ओळखीचा अपमान केल्याची तक्रार मात्र नेत्याचे नाव येईपर्यंत पडून राहिली, हे तर त्याहून वाईट. एका माणसाच्या मानासाठी यंत्रणा तासांत हलली आणि एका समाजाच्या मानासाठी दोन वर्षांत हलली नाही. शाई फेकणाऱ्यांनी समाजाचा मान राखला, असे मानणाऱ्यांनी या तारखा एकापुढे एक ठेवून पाहाव्यात.

हिंदी चित्रपट आणि मालिकांच्या जगातली कथा निराळी नाही. सफाईचे काम ज्यांच्यावर पिढ्यान्पिढ्या लादले गेले त्या समाजाचे नाव 'मी अशी गबाळी दिसते' किंवा 'तू असा नाचतोस' या अर्थाने सलमान खान, शिल्पा शेट्टी, युविका चौधरी, मुनमुन दत्ता यांनी वेगवेगळ्या वेळी वापरले. तो शब्द इथे छापण्याची गरज नाही. क्रिकेटपटू युवराजसिंगने २०२० च्या टाळेबंदीत रोहित शर्माशी समाजमाध्यमावर गप्पा मारताना युजवेंद्र चहलबद्दल तोच शब्द काढला. यांतल्या अनेकांवर हरियाणातल्या हांसीला किंवा राजस्थानात चुरूला गुन्हे दाखल झाले. काहींना कागदोपत्री अटक होऊन त्याच दिवशी जामीन मिळाला. शिल्पा शेट्टीवरचा २०१७ चा गुन्हा राजस्थान उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. या सगळ्या काळात त्यांचे कार्यक्रम आणि जाहिराती नेहमीसारख्या चालू राहिल्या. ज्या वाहिन्या आणि कंपन्या त्यांच्या चेहऱ्यावर माल विकत होत्या त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. फिर्याद देणारा कुणी सामान्य कार्यकर्ता तेवढा तारखांमागून तारखा करत राहिला. याला एक अपवाद आठवतो, आणि तो परदेशी संस्थेचा आहे. रणदीप हुडाने २०१२ मध्ये मायावतींवर केलेल्या एका हीन विनोदाची चित्रफीत मे २०२१ मध्ये पुन्हा फिरू लागली, तेव्हा स्थलांतरित वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या करार-सचिवालयाने त्याला आपल्या सदिच्छादूताच्या पदावरून काढले. पोलीस नाहीत, कोर्ट नाही, शाई नाही. आमचे व्यासपीठ या भाषेसाठी नाही, एवढेच त्यांनी सांगितले. हुडाचे चित्रपटातले काम पुढे चालू राहिले आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

ही पद्धत सर्वांत जास्त मुरली आहे ती क्रिकेटमध्ये. कारण साधे आहे. तिथे वंशद्वेषी भाषेबद्दलचा नियम खेळाडूच्या करारात आणि आयसीसीच्या संहितेत आधीच लिहिलेला असतो. २०१९ च्या जानेवारीत डरबनच्या सामन्यात पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद याने दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेहलुकवायोला उद्देशून 'अबे काले' म्हटले. ते यष्टीजवळच्या मायक्रोफोनने टिपले. त्याने माफी मागितली, तरी पाच दिवसांत चार सामन्यांची बंदी आली. बंदी भोगून तो परतला आणि त्याच वर्षी विश्वचषकात त्यानेच पाकिस्तानचे नेतृत्व केले. २०२१ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर पदार्पण करणाऱ्या इंग्लंडच्या ऑली रॉबिन्सनचे किशोरवयातले वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी ट्वीट त्याच दिवशी बाहेर आले. सामन्यात त्याने सात बळी घेतले, तरीही इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने त्याला निलंबित केले. ब्रिटनच्या पंतप्रधानांनीही मंडळ अति करत असल्याचा सूर लावला. चौकशी होऊन आठ सामन्यांची बंदी ठरली, त्यातली पाच सामन्यांची स्थगित ठेवली गेली, ३,२०० पौंड दंड झाला. उरलेले सामने त्याने आधीच बाहेर बसून काढले होते. ऑगस्टमध्ये तो भारताविरुद्ध ट्रेंटब्रिजवर उतरला आणि त्या मालिकेत इंग्लंडकडून सर्वाधिक, २१ बळी त्यानेच घेतले. जून ते ऑगस्ट, इतक्या काळात गुन्हा, चौकशी, शिक्षा आणि पुनरागमन पूर्ण झाले. आपल्याकडे इतक्या काळात प्रथम खबरीची प्रत मिळाली तरी नशीब.

या प्रकरणी आपले घर स्वच्छ आहे असे मात्र नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून आपल्या मैदानांवर माकडाचे आवाज काढले गेले. वडोदऱ्याच्या सामन्यातली तक्रार आधी गैरसमज म्हणून बाजूला सारली गेली. मग मुंबईत वानखेडेवर छायाचित्रकारांनी माकडचाळे करणारे प्रेक्षक टिपले आणि काहींना पोलिसांनी ताब्यात घेतले. तीन महिन्यांनी सिडनीत हरभजनसिंगने सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली, आणि भारतीय मंडळाकडून दौरा अर्धवट सोडण्याची भाषा झाली. मंडळाचे अध्यक्ष तेव्हा शरद पवार होते. आपल्या तालुक्याने घडवलेला हा नेता जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या प्रमुखपदी होता. २९ जानेवारी २००८ रोजी ॲडलेडला न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अपील चालले, सचिन तेंडुलकरची साक्ष निर्णायक ठरली, आणि वंशद्वेषाचा आरोप सिद्ध न झाल्याने बंदी उठून केवळ शिवीगाळीबद्दल अर्ध्या मानधनाचा दंड उरला. आरोप सिद्ध झाला नाही, तेव्हा हरभजनला दोषी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. निकालाआधीच आपल्या मंडळाने आणि आपण प्रेक्षकांनी बाजू घेतली होती. 'आपला पोरगा असे म्हणाला का?' हा प्रश्न आपण विचारलाच नाही. 'आपल्या पोराला हात लावणारे हे कोण?' एवढेच विचारले. वानखेडेवरच्या चित्रांनंतर तरी आपल्या मंडळाने स्वतःहून चौकशीची पद्धत आखायला हवी होती. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्याच सिडनीत महंमद सिराजला प्रेक्षकांनी वंशद्वेषी शिव्या दिल्या. कर्णधार अजिंक्य रहाणेने खेळ थांबवून पंचांकडे तक्रार नेली, सहा जणांना मैदानाबाहेर काढले गेले, ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने माफी मागितली. तेव्हा आपल्याला ती यंत्रणा योग्य वाटली. त्याआधी सात महिने वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीने आयपीएलमधल्या हैदराबादच्या संघात आपल्याला 'कालू' म्हणत असल्याचे सांगितले, तेव्हा मात्र त्यात काय एवढे, प्रेमाने म्हणत असतील, हेच उत्तर जास्त ऐकू आले.

राजकीय पक्ष तर याहून मागे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे रमेश बिधुडी यांनी लोकसभेत खासदार दानिश अली यांना त्यांच्या धर्मावरून ज्या शिव्या दिल्या त्या कामकाजातून काढून टाकाव्या लागल्या. पक्षाने नोटीस दिली आणि आठवड्याभरात राजस्थानातल्या एका जिल्ह्याची निवडणुकीची जबाबदारीही दिली. २०२४ मध्ये त्यांना लोकसभेचे तिकीट मिळाले नाही, २०२५ मध्ये विधानसभेचे मिळाले. दुसऱ्या बाजूचे उदाहरण सॅम पित्रोदांचे. दक्षिणेकडचे लोक आफ्रिकनांसारखे आणि पूर्वेकडचे चिन्यांसारखे दिसतात, अशा अर्थाच्या विधानानंतर ८ मे २०२४ रोजी, ऐन प्रचारात, त्यांनी काँग्रेसच्या परदेश विभागाचे अध्यक्षपद सोडले. निकाल लागल्यावर, २६ जूनला, तेच पद त्यांना परत मिळाले. दोन्ही प्रकरणांत शिक्षेची मुदत मतदानाच्या तारखांनी ठरवली. ज्यांचा अपमान झाला त्यांचा त्या हिशेबात उल्लेखही नव्हता.

आपल्या भागालाही एक प्रसंग आठवत असेल. एप्रिल २०१३ मध्ये, दुष्काळात, इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी धरणात पाणी नसल्याबद्दल आणि पाण्यासाठी मुंबईत उपोषणाला बसलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याबद्दल जे उद्गार काढले, त्यांनी राज्य ढवळून निघाले. त्यात जात नव्हती, वंश नव्हता, आणि त्याची तुलना वरच्या प्रकरणांशी मी करत नाही. पण परिणामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ एक दिवस आत्मक्लेश केला. तो मनापासूनचा होता यावर शंका घेण्याचे कारण नाही. तरी बोलणाऱ्यानेच आपली शिक्षा निवडली, तिची जागा निवडली आणि मुदतही निवडली. पक्षाकडे किंवा सभागृहाकडे अशा वेळी काय करायचे याचा नियमच नव्हता. प्रायश्चित्त ही व्यक्तीची गोष्ट आहे आणि दायित्व ही संस्थेची. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप असा की एका शब्दासाठी माणसाची उभी कारकीर्द उद्ध्वस्त करणे क्रूर आहे. तसे होत असेल तर ते क्रूरच आहे, आणि म्हणूनच शिक्षेला शेवटची तारीख हवी असे मी म्हणतो. पण प्रत्यक्षात उद्ध्वस्त कोण झाले? २००६ मध्ये कोलंबोत समालोचन करताना, माइक बंद आहे असे समजून, ऑस्ट्रेलियाचा माजी खेळाडू डीन जोन्सने दक्षिण आफ्रिकेच्या हशिम आमलाला दहशतवादी म्हटले. टेन स्पोर्ट्सने त्याला तिथल्या तिथे काढले. पुढे तो समालोचनात परतला, आपल्याकडे लाडका झाला, आणि २०२० मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हाही तो आयपीएलच्या समालोचनासाठी मुंबईतच होता. सर्फराज, रॉबिन्सन, पित्रोदा, बिधुडी, सगळे परतले. उलट सायमंड्सने स्वतः सांगितले आहे की सिडनीच्या प्रकरणानंतर तो दारूकडे वळला आणि त्याचा उतार तिथूनच सुरू झाला. २००८ च्या डिसेंबरनंतर तो कसोटी खेळला नाही, २००९ मध्ये त्याचा करार संपला. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण द्यायचे तर पुण्याच्या मैदानावर चेंडू टाकणाऱ्या, दलित समाजातल्या पळवणकर बाळूंचे आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्यात मात्र त्यांना चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळत असे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. जन्मावरून माणसाला खाली बसवण्याने कारकिर्दी जातात हे खरेच आहे. त्या ज्याला हिणवले त्याच्या जातात, आणि त्यांची यादी कुणी ठेवलेली नाही.

दुसरा आक्षेप आपल्या भागात मोठ्या आवाजात घेतला जातो : ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो, शब्दाला शब्द वाढला की तुरुंग. २०१६ च्या मराठा मोर्चांत तो बदलण्याची मागणी होती, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा सैल केला, त्याच वर्षी संसदेने तो पुन्हा कडक केला. गैरवापराच्या तक्रारीचे प्रमाण किती खरे यावर मी इथे वाद घालत नाही. पण ज्यांना ही भीती खरोखर वाटते त्यांनी तर संस्थांच्या नियमाची मागणी सर्वांआधी करायला हवी. ज्या अपमानाची दखल ग्रामसभेत, संचालक मंडळात, शाळेच्या संस्थेत घेतली जात नाही, तो घेऊन माणूस शेवटी पोलीस ठाण्यातच जाणार. मधल्या पायऱ्या आपणच काढून टाकायच्या आणि मग तो थेट वर का चढला म्हणून विचारायचे, हे न्यायाचे नाही. संस्थेने वेळेत न्याय दिला तर फौजदारी कायदा खऱ्या अत्याचारासाठी, मारहाणीसाठी, बहिष्कारासाठी मोकळा राहील. अर्थात संस्थेची कारवाई झाली म्हणून पोलिसात जाण्याचा हक्क संपतो असे मुळीच नाही. तो अबाधितच राहिला पाहिजे.

तिसरा आक्षेप बोलण्याच्या स्वातंत्र्याचा. माझे त्या स्वातंत्र्यावर प्रेम आहे, म्हणूनच चितळे प्रकरणातली अटक मला सलते. राज्यघटनेने दिलेले संरक्षण सरकारच्या दांडक्यापासून आहे. अमुक संस्थेच्या मंचावरच, तिच्या खर्चाने, तिच्या सभासदांचा अपमान करण्याचा हक्क त्यात येत नाही. विनोद, ग्रामीण बोली, जुन्या म्हणी यांचे काय, असेही विचारले जाते. कथेतल्या पात्राने बोलणे, लेखकाने समाजाचे वास्तव मांडताना लिहिणे, तमाशाच्या वगात सत्ताधाऱ्याची रेवडी उडवणे आणि सभेत नेत्याने समोर बसलेल्या माणसाला उद्देशून बोलणे, यांतला फरक ज्याला कळत नाही असा माणूस आपल्या गावांत मला तरी दिसत नाही. दलित आत्मकथनांनी तेच शब्द वापरून मराठी साहित्य हलवले आहे. त्यांना कुणी हात लावू नये. मी बोलतो आहे ते पदावरून, खाली पाहून, बोलणाऱ्याबद्दल.

चौथा आक्षेप खरा अवघड आहे. संस्थेकडे नियम दिला तर सत्ताधारी गट तो विरोधकांवरच चालवणार. कारखान्याच्या राजकारणात एका गटाने दुसऱ्याला अडकवायला काय काय वापरले, हे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या सभासदांना मी सांगायला नको. म्हणूनच निर्णय संचालक मंडळाच्या हातात ठेवू नये. संस्थेबाहेरचा एखादा निवृत्त न्यायाधीश, एखादा प्राध्यापक आणि ज्या समाजाचा अपमान झाल्याची तक्रार आहे त्यातला एक सदस्य अशी छोटी समिती असावी, तक्रार तीस दिवसांत निकाली निघावी, बोलल्याचे ध्वनिमुद्रण किंवा साक्षीदार असल्याशिवाय कारवाई होऊ नये, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकले जावे. सिडनीच्या प्रकरणात आयसीसीच्या चुकीमुळे हरभजनची आधीची काही प्रकरणे न्यायमूर्तींपुढे आलीच नाहीत, ती आली असती तर शिक्षा वेगळी झाली असती, असे हॅन्सन यांनी नंतर सांगितले. नियम चांगला असूनही कागद अर्धवट राहिले की काय होते, त्याचा हा धडा आहे. एक मर्यादाही मान्य करतो. जो माणूस स्वतःच संस्था आहे, ज्याच्या शब्दावर पक्ष चालतो, त्याच्यावर त्याची संस्था कारवाई करणार नाही. तिथे निवडणूक कायदा आणि न्यायालय हेच उरतात, फक्त त्यांनी साडेअकरा वर्षे लावू नयेत.

सुरुवात खालून करता येते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये गैरवर्तन आणि लाजिरवाणे वर्तन यांबद्दल सरपंच, उपसरपंच, सदस्य यांना पदावरून दूर करण्याची तरतूद आहे. भरसभेतल्या जातिवाचक अपमानाला लाजिरवाणे वर्तन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? शासनाने परिपत्रक काढून हे स्पष्ट करावे. सहकारी संस्थांत निवडून आलेल्या संचालकाचे पद काढून घेणे उपविधींच्या हातात नाही, ते कायद्याचे काम आहे. पण सभासदांनी ठरवले तर संस्थेच्या कार्यक्रमांत अशा संचालकाला वर्षभर भाषण करू न देणे, उपसमित्यांवरून दूर ठेवणे, जाहीर माफी इतिवृत्तात नोंदवणे, हे आचारसंहितेने करता येईल. कारखान्याच्या गाळपाचा मोठा भार ज्यांच्या कोयत्यावर असतो ते ऊसतोड मजूर सभासद नसतात, सभेत त्यांना आवाज नसतो. त्यांच्या तक्रारीसाठी शेतकी विभागाबाहेरचा माणूस नेमावा लागेल, कारण ज्याच्याशी रोज कामाचा संबंध त्याच्याविरुद्ध मुकादमही बोलणार नाही. बीड, अहिल्यानगरच्या गावांतून आलेल्या या टोळ्या आपल्या शिवारात पाच-सहा महिने राहतात, आणि त्यांच्याशी आपण कसे बोलतो यावर आपल्या भागाची ओळख त्यांच्या गावी पोहोचते.

सप्टेंबरच्या आसपास कारखान्यांच्या, सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा असतात. उसाचा दर, कपात, ठेवी या विषयांबरोबर आचारसंहितेचा हा एक ठराव पणदरे, माळेगाव, सणसर, निंबोडीच्या सभासदांनी मुदतीत लेखी द्यावा, आणि चेअरमननी तो विषयपत्रिकेवर घ्यावा.